सुगरणीची विद्या

सुगरण पक्ष्याचे विणकाम उपजत की कमावलेले, हा प्रश्न पक्षिशास्त्राइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे. पावसाळा लागला की खानदेशात विहिरीवर झुकलेल्या बाभळींना आणि शिंदीच्या झाडांना खोपे लोंबू लागतात. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे खोप्यावरचे गाणे मराठी माणसाला पाठ असते. पाखराजवळ एवढीशी चोच, तुला तर देवाने दोन हात आणि दहा बोटे दिली, असे त्या माणसाला सुनावतात. म्हणजे साधन देवाचे. पण कसब कोणाचे?

न्यायदर्शनाने याच धर्तीचा प्रश्न तान्ह्या बाळाच्या बाबतीत घेतला. नुकते जन्मलेले मूल कोणी न शिकवता स्तनाकडे वळते. गौतमांच्या न्यायसूत्रांत याचे कारण पूर्वजन्मीचा अभ्यास हे दिले असून त्यावरून आत्म्याचे नित्यत्व सिद्ध केले आहे. आक्षेप घेणारा म्हणतो, लोखंडही चुंबकाकडे ओढले जाते, त्याने कुठे अभ्यास केला होता? आक्षेप बिनतोड वाटतो. मात्र लोखंड जन्मभर तसेच ओढले जाते, त्यात सुधारणा होत नाही. सुगरणीत होते.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला या पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले. खोपा विणतो तो नर. पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडायची, सुटलेले टोक धरून उडायचे, की लांब पट्टी सोलून निघते. अशा शेकडो खेपांनंतर खोपा अर्धा होतो, मग मादी येऊन पारखते. तिला पसंत पडला तरच नर पुढची नळी विणतो. नवख्या नरांचे खोपे सैल, ओबडधोबड असतात. निकोलस आणि एल्सी कॉलियस या अमेरिकी दांपत्याने आफ्रिकेतील सुगरणीच्या एका भाऊबंद जातीवर प्रयोग केले. विणण्याजोगे काहीही न देता वाढवलेल्या तरुण नरांना पुढे हिरवी पाती दिली, तेव्हा सुरुवातीला त्यांना विणता येईना. सरावाने हळूहळू जमू लागले.

याचा अर्थ विणण्याची ओढ रक्तात असते आणि सफाई हाताळून येते. पूर्वी खेळ करणारे लोक सुगरण पाळून तिला मणी ओवायला शिकवत. रानातल्या कोणत्याही सुगरणीला मणी ओवावे लागत नाहीत, तरी तीच चोच ते शिकली. तेव्हा प्राण्याला फक्त प्रवृत्ती आणि माणसाला बुद्धी, ही वाटणी टिकत नाही. जैन दर्शनाने ती कधी केलीच नव्हती. मन असलेले, शिकवण घेऊ शकणारे पंचेंद्रिय जीव पशुपक्ष्यांतही असतात, असे ते मानते. गौतमांचा ‘अभ्यास’ हा शब्दही सुगरणीला लागू पडतो, फक्त तो याच जन्मात, याच झाडावर दिसतो.

नवखे नर विणायला शिकतात ते खोप्यांच्या वसाहतीत, हातखंडा असलेल्या नरांच्या शेजारी. म्हणून विहिरीवरची खोपे लागलेली बाभूळ तोडायचीच असेल, तर शेतकऱ्याने विणीचा हंगाम सरेपर्यंत, निदान दिवाळीपर्यंत थांबावे.