पोर पेलणारा हात

वसईच्या माणिकपुरात एक वाडीवाला होता. वाडी केळीची, कडेला थोडी भाजी. त्याचा बाप टोपली डोक्यावर घेऊन पहिल्या लोकलने दादरला जायचा. पुढे तोही जाऊ लागला. आपल्या मुलाने तरी टोपली उचलू नये म्हणून त्याने मुलाला शिकवलं. मुलगा बँकेत लागला. पक्की नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, म्हातारपणाला फंड. स्टेशन जवळ म्हणून आजूबाजूच्या वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या. याची वाडी टिकली ती मुलाच्या पगारावर.

मुलाला एक नाद होता. गाडीतून उतरला की घरी न जाता तो एका म्हाताऱ्या सुताराकडे जायचा. माणिकपूरचं सेंट मायकल चर्च १६०६ सालचं. अशा जुन्या गावात घरोघरी जुन्या लाकडी मूर्ती असतात, आणि त्या कधी ना कधी मोडतात. सुतार त्यांची डागडुजी करायचा. मुलगा त्याच्याकडे पटाशी धरायला शिकला.

एके दिवशी मुलगा घरी म्हणाला, "बाबा, मी नोकरी सोडतो. इटलीला जाऊन मूर्तिकला शिकतो."

बापाने हातातला कोयता खाली ठेवला. "तुझ्या पगारावर बँक कर्ज देते. तुझ्या पटाशीवर कोण देईल?"

बापाचं काही चुकत नव्हतं. ज्याने टोपली वाहिली त्यालाच पगाराची किंमत कळते.

मुलगा सुताराकडे गेला. "काका, तुम्ही बाबांना समजवा."

सुताराने समजवायचं कबूल केलं नाही. त्याने फळीवरून संत अंतोनीची एक मूर्ती काढली. बाळ येशूला धरणारा हात कोपरापासून तुटला होता आणि बाळ सुटं झालं होतं. "आधी हा हात कर," तो म्हणाला.

मुलाने सागाचा तुकडा घेतला. रोज संध्याकाळी थोडं थोडं कोरलं. हात झाला. नखंसुद्धा झाली. त्यावर बाळ ठेवलं तर ते डिंकाने चिकटवल्यासारखं दिसे.

"काय कमी पडलं?" सुताराने विचारलं.

"वेळ," मुलगा म्हणाला. "दिवसभर बँकेत असतो. नोकरी सोडली की जमेल."

"मग सोडू नकोस," सुतार म्हणाला.

मुलाला राग आला. जो आपल्याला शिकवतो तोच अडवतो, असं त्याला वाटलं. सुताराने बिडी पेटवली आणि त्याला एक गोष्ट सांगितली. गोष्ट खरी आहे. अलिबागजवळच्या सासवण्यात एका मुलाने भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ऑटो रॉथफिल्ड नावाच्या कलेक्टरने ते पाहिलं आणि मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पाठवलं. हा मुलगा म्हणजे विनायकराव करमरकर. पुढे कलकत्त्यात त्यांचा स्टुडिओ उत्तम चालला. कामं येत होती, नाव होत होतं. तरी तिशीच्या उंबरठ्यावर ते उठले आणि लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत पुन्हा विद्यार्थी म्हणून बसले. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांनीच केला. १९२८ साली तो उभा राहिला.

"बघा, तेही गेलेच की!" मुलगा म्हणाला.

"गेले. पण कशाला गेले? सासवण्याला त्यांच्या घरात त्यांचे पुतळे आहेत. बघून ये."

रविवारी मुलगा गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरला आणि तिथून सासवण्याला गेला. दुपारभर तो पुतळ्यांचे हात बघत फिरला. परत आल्यावर कोणाशी बोलला नाही. आपण केलेला हात त्याने फोडून टाकला आणि नवा तुकडा घेतला. नवा हात पहिल्यापेक्षा सुबक झाला. बाळ मात्र तसंच, चिकटवल्यासारखं.

इकडे बापाच्या मनात सुताराविषयी रोष साचला होता. मुलाच्या डोक्यात हे खूळ त्यानेच भरलं, अशी त्याची खात्री. एका संध्याकाळी तो भांडायलाच सुताराच्या दारात आला. मुलगा खाली मान घालून हात घासत होता. बापाने मूर्तीकडे बघितलं. बघतच राहिला. ज्याच्याशी भांडायला आला होता तो सुतार बाजूलाच राहिला.

"हे पोर पडेल," बाप म्हणाला.

"का?" मुलाने विचारलं.

"या हातावर वजनच नाही." बापाने कोपऱ्यातला सागाचा ओंडका उचलून केळीच्या घडासारखा हातावर घेतला. "हे बघ. भार आला की मनगट आत वळतं. बोटं पसरतात. अंगठा दाबून धरतो. आणि हा खांदा खाली जातो. तुझ्या अंतोनीचा खांदा सरळच आहे. त्याने काही उचललेलंच नाही."

मुलगा उठला. त्याने बापाचं मनगट चाचपून पाहिलं. मग खांदा. मग पुन्हा मनगट. बराच वेळ तो तेच करत होता. बाप अवघडून उभा, ओंडका तसाच हातावर.

शेवटी मुलगा सुताराला म्हणाला, "काका, मला वेळ कमी पडत नव्हता. मला येतच नाही. हाडावर भार कसा येतो, तो कातडीवर कसा दिसतो, हे मला कोरता येत नाही. आणि राग मानू नका, ते तुम्हालाही येत नाही."

बाप दचकला. सुतार मोठ्याने हसला.

"नाही येत," तो म्हणाला. "मी मोडलेलं जोडतो. माझा गुरूही तेच करायचा. कुठे शिकवतात हे?"

"जे. जे.मध्ये विचारून आलो. तिथे पाया पक्का होईल. पण मला हे दगडात शिकायचंय. इटलीत कार्राराला संगमरवराच्या खाणी आहेत. आईच्या मांडीवर मेलेला येशू, ते चित्र आपल्या घरी कॅलेंडरवर आहे ना बाबा? मायकेलअँजेलोने त्या मूर्तीचा दगड तिथूनच निवडून आणला. त्या आईची बोटं मुलाच्या काखेत रुतलेली दिसतात. खाणींच्या पायथ्याशी कलेची अकादमी आहे, १७६९ पासूनची."

"आता जा," सुतार म्हणाला.

बापाने ओंडका खाली टाकला. "इतके दिवस नको म्हणत होतास, आज जा म्हणतोस?"

"इतके दिवस तो बँकेतून पळत होता. सुटायला जाऊ नये, शिकायला जावं."

बाप लगेच हो म्हणाला नाही. त्याने खर्चाचा हिशोब मागितला. मुलाने कागदावर मांडून दिला. वाडी गहाण पडणार नाही, पहिलं वर्ष मुलाच्या बचतीवर निघेल, पुढचं त्याने तिथे काम करून बघावं, असं ठरलं. मुलाने राजीनामा दिला, नोटिशीचा महिना पुरा केला आणि टेबलावरच्या फायली नीट लावून दुसऱ्याच्या ताब्यात दिल्या.

अंतोनीचा हात सुतारालाच करावा लागला, कारण १३ जूनच्या सणाआधी त्या घरच्यांना मूर्ती हवी होती. बाळ अजूनही जरा चिकटवल्यासारखंच दिसतं. घरच्यांची काही तक्रार नाही.