वक्ता आणि श्रोता

काही महिन्यांपूर्वी एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून मला व्याख्यानाचे निमंत्रण आले. विषय होता ‘सॉफ्ट स्किल्स’. म्हणजे संभाषण, सहकार्य, सभेतील वर्तन इत्यादी मृदू कौशल्ये. वकील हा बोलण्यावर पोट भरणारा प्राणी. तेव्हा बोलावे कसे हे त्यानेच सांगावे, अशी चालकांची कल्पना असावी. मीही सुखावलो आणि मुद्दा कसा मांडावा, समोरच्याचा कल कसा ओळखावा यावर तासभर बोललो. शेवटी मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उठून विचारले, “सर, आम्ही बरोबर बोललो, नम्रपणे बोललो, आणि तरी वरिष्ठांनी ऐकलेच नाही, तर?” मी काहीतरी उत्तर दिले. ते माझे मलाच पटले नाही. म्हणून हा लेख.

‘मृदू’ हे विशेषण अमेरिकन सैन्याच्या प्रशिक्षणातून १९७० च्या आसपास पुढे आले. ज्या कामाचा यंत्राशी थेट संबंध नाही ते मृदू, इतकाच त्याचा अर्थ होता. अभियांत्रिकी शिक्षणाच्या परस्परमान्यतेसाठी असलेल्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ साली पूर्ण सदस्य झाला, आणि त्या करारात संवाद, सांघिक कार्य व व्यावसायिक नीती यांची अपेक्षा स्पष्ट आहे. अपेक्षा रास्तच होय. परंतु वर्गात तिला पुष्कळदा मुलाखतीच्या तयारीचे रूप येते. हस्तांदोलन कसे करावे, गटचर्चेत छाप कशी पाडावी, एवढ्यावर विषय संपतो. यात वाईट काही नाही. पण हा वाणीला दिलेला मुलामा झाला. विद्यार्थ्याचा प्रश्न मुलाम्याखालच्या धातूविषयी होता.

त्या प्रश्नाला इतिहासात एक भीषण उदाहरण आहे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत तीन ठिकाणच्या मंडळींची दूरध्वनीवर सभा भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान सुटावयाचे होते. त्याच्या अग्निबाणांचे सांधे रबरी कड्यांनी बंद केलेले असत आणि थंडीत रबराची लवचिकता कमी होते. अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीतील रॉजर बोइजोली प्रभृती अभियंत्यांनी सांगितले की, सुमारे १२ अंश सेल्सिअसहून कमी तापमानात उड्डाण करू नये. त्या रात्री पारा गोठणबिंदूच्या खाली जाण्याचा अंदाज होता. अवकाश संस्थेचे अधिकारी नाराज झाले. कंपनीने आपसांत विचार करण्यास थोडा अवधी मागितला, आणि सुमारे अर्ध्या तासाने चार वरिष्ठांनी अभियंत्यांचा सल्ला बाजूस सारून संमती दिली. त्या चौघांपैकी एकजण कंपनीच्या अभियांत्रिकी विभागाचाच प्रमुख होता. सकाळी यान सुटले. ७३ सेकंदांत ते नष्ट झाले आणि सात माणसे गेली.

पुढे काही विद्वानांनी असे दाखविले की, अभियंत्यांच्या तक्त्यांतून तापमान व झीज यांचा संबंध एका दृष्टीत कळत नव्हता. मांडणी नीट असती तर कदाचित अनर्थ टळता. बोइजोली व इतरांनी हे अमान्य केले. वाद कसाही सुटो, त्यात मांडणीचे महत्त्व सिद्ध होते. पण मला दिसते ते निराळेच. महाभारतात निद्रानाशाने व्याकुळ झालेल्या धृतराष्ट्राला विदुर रात्रभर हिताचे सांगतो. विदुराच्या वाणीत काय उणे होते? धृतराष्ट्राने सर्व ऐकले, बरोबर आहे असेही म्हटले, आणि पुत्रमोहापुढे ते सोडून दिले. वक्त्याचे कौशल्य श्रोत्याच्या दारापर्यंतच जाते. दार आतूनच उघडावे लागते.

येथे माझा व्यवसाय मला काही शिकवितो. न्यायालयाने ऐकण्याचे काम न्यायाधीशाच्या स्वभावावर सोडलेले नाही. दुसरी बाजू ऐकल्यावाचून निर्णय नाही, आणि निर्णयाला कारणे दिलीच पाहिजेत, हे बंधन आहे. ऐकणे म्हणजे मान्य करणे नव्हे. प्रत्येक कनिष्ठाच्या शंकेपाशी काम थांबवावे असेही नव्हे. शंका काय होती व ती का फेटाळली हे सांगता आले पाहिजे, इतकेच. दुसरी गोष्ट पुराव्याच्या भाराची. उड्डाण निर्धोक आहे हे सिद्ध करण्याचा भार उड्डाण करू पाहणाऱ्यांवर असावयास हवा होता. त्या रात्री तो उलटला; धोका आहे हे अभियंत्यांनीच सिद्ध करावे, अशी अपेक्षा निर्माण झाली. वकिलाला ठाऊक असते की भार कोणावर हे ठरले की अर्धा खटला तेथेच निकालात निघतो. ही बाब शिष्टाचाराची नव्हे, न्यायाची आहे.

म्हणून मला वाटते, या विषयाचा निम्मा वेळ बोलण्यास द्यावा आणि निम्मा ऐकण्यास. आपल्या शास्त्रकारांची रीत मोठी मार्मिक होती. स्वमत सांगण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून मांडावयाचे, आणि मगच उत्तरपक्ष. वर्गात एका विद्यार्थ्याला वरिष्ठ करावे, दुसऱ्याने त्याच्याजवळ अप्रिय शंका मांडावी. गुण द्यावयाचे ते वरिष्ठाला: त्याने ती शंका, शंका घेणाऱ्याचे समाधान होईल अशा शब्दांत, पुन्हा सांगितली काय? नकार दिला तर कारण दिले काय? आज प्रश्न विचारणारा तो मुलगा वीस वर्षांनी टेबलाच्या पलीकडे बसेल. त्या दिवसाची तयारी आजच व्हावी.

आणि ही तयारी केवळ महाविद्यालयाची नव्हे. समजा, उद्या आपल्या देवालयाच्या सभामंडपावर नवा मजला चढवावयाचा आहे, जत्रा तोंडावर आली आहे, आणि गावातलाच एखादा पंचवीस वर्षांचा अभियंता भर सभेत उठून म्हणतो की, जुने खांब हा भार सोसणार नाहीत. त्याचे शब्द अडखळतील, आवाज कापेल. त्या वेळी आपण त्याचे वय पाहणार, की खांब? त्या विद्यार्थ्याला मी द्यावयास हवे होते ते उत्तर हेच: तुम्ही नीट बोलावयास शिका, न ऐकण्याचा दोष मात्र तुमचा नव्हे, आमचा.