मातृषोडशीचा सतरावा पिंड

गयेला आईसाठी जे श्राद्ध करतात त्यात मातृषोडशी नावाचा विधी आहे. सोळा पिंड, आणि एकेका पिंडाबरोबर आईचे एकेक कष्ट सांगायचे: गर्भाचा भार, बाळंतवेणा, बाळाने भिजवलेल्या अंथरुणात काढलेल्या रात्री. एरवीच्या श्राद्धात नाव, गोत्र आणि रूप एवढ्यावर भागतं. आईवडील वसुरूप, आजी-आजोबा रुद्ररूप, पणजी-पणजोबा आदित्यरूप, त्यापलीकडच्यांना पिंड नाही. पण आईचं ऋण अशा सरसकट शब्दांत फिटत नाही, तिथे तपशीलच सांगावा लागतो, हे परंपरेला कळलं होतं. म्हणून हा विधी मला मोलाचा वाटतो आणि म्हणूनच त्यातली उणीव सलते. सोळाच्या सोळा पिंड मुलाभोवती फिरतात. त्या बाईने मुलाच्या आधी आणि मुलाखेरीज जे केलं, त्याला सतरावा पिंड नाही. वरळीच्या बीडीडी चाळीत नव्वदीला पोचून गेलेल्या, शेतात वाढलेल्या आजीचं स्मरण कशाला म्हणायचं, हा प्रश्न माझ्या लेखी या सतराव्या पिंडाचाच आहे.

बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात या चाळी बांधल्या. वरळीत १२१ चाळी, तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. रत्नागिरी-साताऱ्याकडचा माणूस गिरणीत लागायचा, बाई मागाहून यायची. येईपर्यंत तिच्या नावाचं काय झालेलं असायचं ते पाहा. लग्नात ताटभर तांदळात नवऱ्याने अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, आणि पंधरा-सोळा वर्षं ज्या नावाने तिला बांधावरून हाक मारली जात होती ते ताट उचलताना गेलं. पुढे वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर बहिणींची नावं लागायची वेळ आली की हक्कसोडपत्र समोर यायचं आणि ती अंगठा द्यायची. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, तरी हक्कसोडाची रीत सुटली नाही. चाळीत आल्यावर खोलीची भाडेपावती बहुधा नवऱ्याच्या नावे. पुरुषाचं नाव मेल्यावर चौथ्या पिढीत श्राद्धातून गळतं. तिचं जिवंतपणीच, एकदा तांदळात, एकदा कागदावर आणि एकदा पावतीवर गळलेलं असतं. मग श्राद्धात आपण जिचं नाव घेतो ती नेमकी कोण?

यावर पहिला आक्षेप परंपरेकडूनच येईल, आणि तो हलका नाही. आईला शास्त्राने कमी लेखलेलं नाही. मनुस्मृतीसारखा ग्रंथसुद्धा आईचा मान वडिलांच्या सहस्रपट सांगतो. सिद्धपूरला मातृगया आहे, पितृपक्षात अविधवा नवमी आहे. शिवाय आईपण म्हणजे काही कमी ओळख नव्हे, त्यातच तिचं सगळं आलं, असंही कोणी म्हणेल. मान आहे हे मला मान्यच आहे. पण अविधवा नवमीचं नावच नीट ऐका: ती तिथी बाईला ती नवऱ्याआधी गेली म्हणून मिळते. आई म्हणून, सवाष्ण म्हणून, कुळातली म्हणून तिला जागा आहे. भात लावणारी, बियाणं राखणारी, खोलीत दहा माणसं निजवून अकराव्याला जागा काढणारी म्हणून नाही. कोकणातली लावणी म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना या बाईच्या डोक्यात काय होतं ते वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात कवळ-शेण घालून दाढ, म्हणजे रोपांची जागा, भाजायची, पहिल्या पावसात पेरायची, रोपांचा तरवा वीतभर झाला की मुळं न तुटता उपटायचा, जुड्या बांधायच्या आणि वाकून, मागे सरत, ओळीने लावत जायचं. तरवा कधी काढण्याजोगा झाला हे पानाच्या रंगावरून आणि हाताला लागणाऱ्या ओढीवरून कळतं. हे ज्ञान आहे. चाळीत आल्यावर ते वाया गेलं असं समजू नये. राखेत घोळवून ठेवलेले कडवे वाल, पगाराच्या तारखेपर्यंत पुरवलेले तांदूळ, आणि १९८२ च्या गिरणी संपात पगारच थांबला तेव्हा काय आधी तोडायचं आणि काय शेवटपर्यंत राखायचं याचा हिशेब, हे सगळं त्याच डोक्यातून आलं. त्याला ‘माऊलीची माया’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मायेत निर्णय दिसत नाही, आणि ही बाई आयुष्यभर निर्णय घेत होती.

दुसरा आक्षेप याच चाळीच्या दुसऱ्या जिन्यावरून येतो. इथली कितीतरी घरं बौद्ध आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारलं आहे, आणि अनात्मवादाच्या दृष्टीने नावाचा आग्रह म्हणजे आसक्तीच. मग जुनं नाव उकरून काढायचं कशाला? मला वाटतं, या विचाराने माझंच म्हणणं बळकट होतं. बौद्ध घरात पुण्यानुमोदन होतं, म्हणजे गेलेल्या माणसाच्या चांगल्या कर्मांना आनंदाने संमती दिली जाते. संमती द्यायची तर ती कर्मं कोणीतरी उभं राहून सांगावी लागतात. मागे उरणारा नित्य आत्माच नसेल, तर केलेलं कामच काय ते उरतं. ते सांगायचं राहिलं तर तिचं म्हणून काही उरत नाही. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना बोलतं केलं, ते मला याच अर्थाने पुण्यानुमोदन वाटतं.

मनात घर करून बसतो तो आक्षेप तिसरा. तिला स्वतःलाच हे नको होतं, त्या पिढीच्या बायका स्वतःविषयी बोलत नसत. हे खरं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. त्या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, राग आहे. पहाटे जात्यापाशी त्या बोलतच होत्या, ऐकायला बहुतेक दुसरी बाईच असायची. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या शेतकऱ्याच्या घरच्या. लिहिता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या, सोपानदेवांनी गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. त्यांच्यासारखी प्रतिभा दर घरात नसते, पण सांगण्यासारखं असतं. फरक पडला तो कोणीतरी वही घेऊन बसलं म्हणून.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचं नाव सक्तीचं केलं. चांगलं झालं, पण त्या आज्यांच्या नावांपर्यंत तो निर्णय मागे जाऊ शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत चाळींच्या पुनर्विकासात ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. सामान बांधताना देव्हारा, कणगीतला उरलासुरला ऐवज, भिंतीवरचा हार घातलेला फोटो, सगळं नीट उतरवून नेलं जातं. त्या फोटोतल्या बाईचं तांदळात लिहिण्याआधीचं नाव ठाऊक असलेली माणसं आता सत्तरीपुढची आहेत, तिची धाकटी भावंडं, एखादी नणंद. कोकणात भाताच्या प्रत्येक कुणग्याला, म्हणजे वाफ्याला, नाव असतं. तिने पहिल्यांदा तरवा लावला तो कुणगा कोणता, आणि तेव्हा तिला काय हाक मारत होते, एवढं त्यांना विचारता येईल.