कुंपणापर्यंतची धाव

सरड्यासारखे रंग बदलणं ही आपल्याकडे शिवी आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका नाकतोड्याचं मात्र त्यावरूनच नाव पडलंय: कॅमेलिअन ग्रासहॉपर. शास्त्रीय नाव कॉसिअस्कोला ट्रिस्टिस. ट्रिस्टिस म्हणजे लॅटिनमध्ये उदास. दुपारच्या उन्हात त्याला पाहिलेला माणूस हे नाव ठेवणार नाही. याचा नर सकाळच्या थंडीत जवळजवळ काळा असतो आणि अंग २५ अंशांच्या वर तापलं की चक्क फिरोजी निळा होतो. १५ च्या खाली गेलं की परत काळा. त्वचेच्या पेशींमधले रंगकण जागा बदलतात म्हणून हे होतं, हे १९५४ सालीच नोंदवलं गेलंय.

काळा रंग ऊन शोषायला असणार, असं कुणालाही वाटेल. केट अम्बर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजून पाहिलं, तर प्रत्यक्ष डोंगरावर रंगामुळे शरीराच्या तापमानात पडणारा फरक अगदी किरकोळ निघाला. त्यांनीच या नरांची मारामारीही टिपली. एका मादीवरून हे एकमेकांना लाथा मारतात, चावतात, कुस्ती खेळतात. निळ्या रंगाचा या भांडणांशी काही संबंध असावा, अशी एक शक्यता आहे.

हे सगळं घडतं ते साधारण १६०० मीटरच्या वर, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियातल्या मोजक्या डोंगरमाथ्यांवर. पंख नावापुरते, उडता येत नाही. यात कमीपणा काही नाही. पंख आणि त्यांचे स्नायू पोसणं महाग असतं. उन्हाळा तोकडा असेल तर तीच ऊर्जा अंड्यांवर खर्च करणं शहाणपणाचं. शिवाय माथ्यावरच्या वाऱ्यात जो उडाला तो गेला. मदेरा बेटावरच्या न उडणाऱ्या भुंग्यांबद्दल डार्विननं असाच अंदाज केला होता. नाकतोडा एक उन्हाळा जगतो, मातीत अंडी घालतो आणि मरतो. अंडी हिवाळा काढतात. वर बर्फाची गोधडी असते.

ती गोधडी आता विरत चाललीये. १९५० च्या दशकापासून तिथला बर्फ कमी होतोय. जगभरात डोंगरावरचे जीव उष्णतेपासून पळायला वर सरकतात. इथे वर म्हणजे कुठे? कॉझिअस्को हे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं सर्वोच्च शिखर, उंची २२२८ मीटर. त्यानंतर आकाश.

सॉफ्टवेअरमध्ये याला आमच्याकडे ठरलेलं उत्तर आहे: जुनी सिस्टिम बंद होणार, नव्यावर शिफ्ट व्हा. आम्ही स्वतःही असेच शिफ्ट होतो, गाव, शहर, कंपनी. त्यामुळे जो हलत नाही त्याचीच काहीतरी चूक असणार, हे आमच्या पिढीच्या हाडात बसलंय. 'जुळवून घेता आलं नाही' हे वाक्य मला त्यामुळेच खटकतं. नाकतोड्यानं जुळवून घेतलंच होतं, आणि फार बारकाईनं. अटी नंतर बदलल्या, आणि त्या आपण बदलल्या.

यावर हमखास ऐकू येतं की आजवरच्या बहुतेक सगळ्या प्रजाती नामशेष झाल्याच आहेत. खरंय. आजवरची बहुतेक सगळी माणसंही मेली आहेत, म्हणून कोर्ट खुनाचा खटला काढून टाकत नाही. दुसरा प्रश्न उपयोगाचा. त्याचं उत्तर द्यायचंच मी टाळतो, कारण उपयोग सिद्ध करायला बसलं की जगायला परवाना लागतो हे आपण मान्य केलेलं असतं.

उचलून दुसऱ्या डोंगरावर ठेवायचं? २०१४ च्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं की शेजारच्या माथ्यांवरचे हे नाकतोडे एकमेकांपासून बरेच वेगळे झालेले आहेत. मधली दरी माणूस सहज पार करेल, पण त्यांच्यासाठी तीच कुंपण. त्यांना सरमिसळ करून वाचवलं तर नेमकं काय वाचवलं, हा प्रश्न उरतोच.

माझं मत असं की ज्याला बाजूला होता येत नाही, त्याचा आपल्यावरचा हक्क जास्त. रस्त्यात धावता येणारा माणूस असेल तरी आपण ब्रेक लावतो. पाय मोडलेला असेल तर आधी लावतो. हे ऐकायला सोपं वाटतं. पण त्याच कॉझिअस्कोच्या राष्ट्रीय उद्यानात मोकाट घोडे आहेत. युरोपियनांनी आणलेल्या घोड्यांचे वंशज. ते तिथलं गवत, दलदल, झऱ्यांचे काठ तुडवतात. २०१८ मध्ये राज्य सरकारनं त्यांना 'वारसा' म्हणून संरक्षण देणारा कायदा केला. २०२३ मध्ये त्याच राज्यानं हेलिकॉप्टरमधून त्यांना गोळ्या घालायला परवानगी दिली.

माझ्या नियमानं घोडा हरतो. घोड्याला सगळं जग आहे, त्या माथ्याला दुसरा माथा नाही. फक्त, गोळी घोडा या प्रजातीला लागत नाही. ती एका घोड्याला लागते, आणि तो त्या क्षणी नाकतोड्याइतकाच अडकलेला असतो. तरीही मी परवानगीच्या बाजूनं मत दिलं असतं. आणि त्या डोंगरावरचे सगळे घोडे गेले तरी तिथलं तापमान एका अंशानंही उतरणार नाही, हेही मला माहीत आहे.