रणगाडे, चिमण्या आणि काळवीट

नगरच्या सावेडी भागातून सकाळी लवकर निघालेल्या माणसाला एका दिवसात तिथले रणगाडा संग्रहालय, भुईकोट किल्ला आणि कर्जत तालुक्यातले रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य पाहून अंधार पडता पडता घरी परतता येते. बरोबर माहितगार वाटाड्या असला, तर अशा फेरीत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण तिच्यात धर्मविचाराचा एक जुना प्रश्नही आहे. ज्याला आपली बाजू मांडता येत नाही, त्याच्याकडे कसे पाहावे? लढाईत पडलेला शिपाई बोलत नाही, काळवीटही बोलत नाही. दोघांच्या वतीने वाटाड्या बोलतो आणि पाहणारा फोटो काढून पुढे सरकतो.

अशा सहलीवर घेता येणारा पहिला आक्षेप असा की, युद्धाची जागा सुतकाची आणि प्राणी पाहणे ही करमणूक; दोन्ही एका दिवसात उरकले की सुतकाचे गांभीर्य जाते. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र युद्धाच्या इतिहासातून प्राणी वेगळे काढता येतात, हे त्यातले गृहीत टिकत नाही. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 मध्ये नगरलाच ओतली गेली. तिच्या तोंडाशी जबडा वासलेला सिंह आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडला जातो आहे. ज्या हत्तींना माणसाने रणात नेले, त्यांचेच मरण त्याने तोफेवर शोभेसाठी कोरले.

1994 मध्ये सुरू झालेल्या नगरच्या संग्रहालयाचे नावच कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून पाकिस्तानकडून जिंकून आणलेल्या पॅटन रणगाड्यापर्यंतची वाहने तिथे ओळीने उभी आहेत. त्यांच्यामागे घोड्यांचा इतिहास आहे. 1938 मध्ये सिंध हॉर्स आणि 13 लान्सर्स या रेजिमेंटांचे घोडे काढून घेऊन त्यांना चिलखती गाड्या देण्यात आल्या. पुढे इतरही त्याच वाटेने गेल्या. 1971 मध्ये बसंतरच्या लढाईत अरुण खेत्रपाल ज्या पूना हॉर्सकडून लढता लढता कामी आले, त्या रेजिमेंटकडे तेव्हा सेंच्युरियन रणगाडे होते. घोडे गेले, पण रेजिमेंटच्या नावात ते राहिले.

घोड्याच्या बाबतीत धर्माचा पेच शिपायापेक्षा बिकट आहे. अर्जुनाला धनुष्य खाली ठेवून ‘मी का लढू?’ असे विचारता आले आणि त्या विचारण्यातूनच गीता आली. त्याच्या रथाच्या घोड्यांना ती मुभा नव्हती. महाभारतकाराला याची जाणीव असावी. जयद्रथवधाच्या दिवशी, सूर्यास्ताआधी प्रतिज्ञा पुरी करायची घाई असतानाही, कृष्ण ऐन रणात घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण काढतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो. द्रोणपर्वातला हा प्रसंग कीर्तनांतून आणखी सांगितला जायला हवा. युद्धाची बाजू न्यायाची असो वा नसो, ज्याने ती निवडली नाही त्याचे देणे उरतेच, एवढे त्यातून स्पष्ट होते.

किल्ल्याला वेढ्यांचा आणि कैदेचा मोठा इतिहास आहे. चांदबीबीने 1595-96 मध्ये तो मोगलांविरुद्ध लढवला; 1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनानी वेलस्लीने घेतला; पुढे तो तुरुंग म्हणूनही वापरला गेला. ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना मुंबईत पकडून इथे आणले. नेहरूंनी इथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे शाळेतली मुलेही सांगतात. याच कैदेत मौलाना आझादांनी लिहिलेल्या ‘गुबार-ए-खातिर’मधल्या चिमण्या मात्र मराठी वाचकाला फारशा माहीत नाहीत.

आझादांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी मांडली. काड्या आणि कचरा सतत खाली पडू लागला, तेव्हा ते हाती बांबू घेऊन उठले. हा सगळा झगडा त्यांनी लढाईच्या भाषेत लिहिला आहे: चढाई, माघार, पुन्हा चढाई. हाकललेल्या चिमण्या दर वेळी परत येत. शेवटी आझादांनीच तह केला. त्यांनी जमिनीवर तांदळाचे दाणे टाकले आणि ते स्वतः हालचाल न करता बसून राहिले. चिमण्या दुरून अंदाज घेत, एखादी धीट पुढे येई, दाणा उचलून उडून जाई. दाण्यांची जागा हळूहळू आझादांजवळ सरकत गेली आणि एके दिवशी चिमणी तळहातावरून दाणे टिपू लागली. त्यांनी चिमण्यांना नावे दिली: मोती, कलंदर, मुल्ला. बाहेर दुसरे महायुद्ध चालू होते. 1943 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, तेव्हाही ते याच भिंतींच्या आत होते.

इथे बंदिवान माणूस होता आणि चिमणीला खिडकी मोकळी होती. ती हातावर आली ती स्वतःच्या मर्जीने. प्राण्याशी झालेली भेट चांगली की वाईट, हे ठरवायला यापेक्षा सोपी कसोटी सापडणार नाही: त्याला निघून जाता येत होते का?

याच जिल्ह्यात नेवाशाला शके 1212, म्हणजे 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. रणभूमीवरच्या संवादावरची ही टीका तेराव्या अध्यायात अहिंसेवर येऊन बराच वेळ थांबते. अहिंसेच्या नावाने यज्ञात होणारी हिंसा आणि एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्या जिवावर घाव घालणारे उपचार यांची झाडाझडती घेऊन ज्ञानदेव अहिंसक माणसाच्या चालण्याकडे वळतात. पिलू तोंडात धरणाऱ्या मांजरीचे दात पिलाला लागत नाहीत, तसे त्याचे पाऊल जमिनीवर पडते. जैन मुनींच्या ईर्यासमितीतही नेमके हेच आहे: पुढची जमीन पाहून मग पाय टाकायचा. नगरकरांनी आनंदऋषीजी महाराजांच्या काळापासून हे डोळ्यांनी पाहिले आहे. दोन्ही परंपरांत अहिंसा आधी पायांत उतरते.

त्यामुळे सहलीचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. रणगाडे आणि किल्ला आधी, काळवीट शेवटी, असाच तो असावा. बळ काय करते हे पाहिल्यावर ते आवरण्याची संधी रेहेकुरीत मिळते. 1980 मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य अवघे 2.17 चौरस किलोमीटरचे आहे. चारी बाजूंना शेती आणि कळप शिवारातही उतरतात. काळवीट उघड्या माळाचा प्राणी आहे. लपायला आडोसा नसल्याने नजर आणि वेग हेच त्याचे संरक्षण. त्याला फोटोसाठी पळवणे म्हणजे त्याच्या भीतीतून आपली मजा काढणे, आणि ज्या वाटाड्याला हे कळत नाही त्याने किल्ल्यावर चांदबीबीच्या शौर्याची कितीही सुरस वर्णने केली, तरी ती पोकळच.

युद्धस्थळी आवाज न चढवणे, रणगाड्यावर न चढणे, माळावर कळपाने मान वर करताच थांबणे या तिन्ही गोष्टींत एकच शिस्त आहे. ती पाळणार असाल, तर सहल जरूर करा. काळविटाची मादी नवजात पाडसाला गवतात दडवून चरायला दूर जाते. तेव्हा रेहेकुरीत पायवाट सोडू नका आणि एकटे पाडस दिसले तर त्याला हात न लावता मागे फिरा.