शेजार कोठवर?

रोह्याजवळील वरसे येथे, किंवा कुंडलिकेच्या खोऱ्यातील कोणत्याही गावी, वृद्ध माणसांस बाळपणाविषयी विचारावे, म्हणजे ती शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगू लागतात. विरजण मागावयास गेलेले पोर तेथेच जेवून परत येई. आजाऱ्याच्या शेताची लावणी सारी आळी मिळून उरकी. हे खरे आहे, व त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही.

तथापि ज्या पोरास विहिरीपासून दूर उभे राहून पाण्यासाठी ओंजळ पसरावी लागे, त्याने शेजार कोणास म्हणावे? याच जिल्ह्यातील महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२४ साली केला, परंतु डॉ. आंबेडकर व त्यांचे सोबती तेथील पाणी प्याले ते २० मार्च १९२७ रोजी, आणि त्यापायी लोकांस मार खावा लागला. उच्च न्यायालयाचा निकाल व्हावयास १९३७ साल उजाडले. मारणारे कोणी दूरदेशीचे नव्हते. त्यांच्याही घरी शेजाऱ्यास विरजण मिळतच असेल! प्रीती होती, पण तिला आळीची वेस होती.

तर वाचकहो, वृद्धांस पुन्हा विचारावे, मात्र या खेपेस प्रत्येक आळीत जाऊन. तेथे विरजणाच्या जागी कोणती गोष्ट निघते, ती ऐकावयास आम्ही उत्सुक आहो.