चिखलातली गाय आणि शनिवारचा सामना



आजचं वाचन गीतेचा सोळावा अध्याय, दुसरा श्लोक. दैवी संपत्तीची यादी चालू आहे. अहिंसा, सत्य, अक्रोध, त्याग, शांती, आणि मग एक शब्द येतो ज्यावर मी कित्येक वर्षं थांबलेच नव्हते. अपैशुन. पैशुन म्हणजे चहाडी, दुसऱ्याचं व्यंग चारचौघांत उघडं करणं. ते नसणं म्हणजे अपैशुन. एवढं वाचून मला दरवेळी वाटायचं, चला, हा एक गुण तरी आपल्याकडे आयता आहे. मी काही चहाडखोर नाही.

माझा हा भ्रम अमेरिकेत गेला, आणि तोही फुटबॉलमुळे. हसू नका, सांगते.

२०२३ मध्ये मी ओहायोतल्या कोलंबसला शिकत होते. तिथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, लांबुळका चेंडू हातात घेऊन धावायचं. कॉलेजच्या संघांचे सामने शनिवारी होतात आणि एकेका स्टेडियममध्ये लाखावर माणूस बसतं. अनेक राज्यांत सर्वात जास्त पगार घेणारा सरकारी कर्मचारी राज्यपाल नसतो, तर विद्यापीठाचा फुटबॉल कोच असतो. मला आधी ही थट्टा वाटली होती.

ओहायो स्टेटचा जुना वैरी म्हणजे शेजारच्या राज्यातलं मिशिगन. वैर असं की त्या सामन्याच्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवरच्या इंग्रजी 'एम' अक्षरावर लाल फुली मारतात. माझं नाव 'म' वरून सुरू होतं. आमच्या दारावरच्या माझ्या नावावरही रूममेटने फुली मारली होती. पंढरीच्या वाटेवरचा वारकरी जितक्या निष्ठेने माळ सांभाळतो, तितक्या निष्ठेने ही मंडळी ते वैर सांभाळतात. (उपमा चुकली असेल तर विठोबा मला माफ करो. पण निष्ठा खरंच तशीच होती.)

त्या ऑक्टोबरात बातमी आली की मिशिगनची चौकशी सुरू झाली आहे. मैदानाच्या कडेला उभे राहून कोच तेव्हा हाताच्या खुणांनी खेळाडूंना चाल सांगायचे. सामना चालू असताना समोरच्याच्या खुणा ओळखल्या तर तो गुन्हा नाही. पण पुढे ज्यांच्याशी खेळायचं आहे त्यांच्या सामन्यांना आधीच माणसं पाठवून टेहळणी करायला १९९४ पासून बंदी होती. मिशिगनच्या एका कर्मचाऱ्याने नेमकं तेच केलं, असा आरोप होता.

आम्हाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी तर फुटबॉल जेमतेम दोन हंगाम पाहिला होता, तरी दिवसभर फॉरवर्ड करत होते. मग एका संध्याकाळी नित्याचं वाचन करायला बसले तर समोर हाच श्लोक. फोन बाजूला उलटा ठेवला. तेव्हा पहिल्यांदा या शब्दावर थांबले.

आपण चाहते काय, बडबड करणारच. खरी परीक्षा कोचची असते. दर आठवड्याला त्याला पत्रकारांपुढे बसावं लागतं, शिवाय रेडिओवर त्याचा कार्यक्रम असतो. प्रश्न येतोच : समोरच्या संघाच्या भानगडीबद्दल तुमचं काय मत? आता त्याने काय बोलावं?

पर्ड्यूचे कोच रायन वॉल्टर्स यांचा संघ ४ नोव्हेंबरला मिशिगनशी खेळणार होता. सामन्याच्या दोन दिवस आधी ते रेडिओवर स्पष्ट बोलले. हे नुसते आरोप नाहीत, हे घडलेलं आहे आणि आमच्याही सामन्यांना ती माणसं आली होती, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. चौकशी अजून चालू होती. सामना मिशिगनने ४१-१३ असा जिंकला. आमचे कोच रायन डे मात्र या विषयावर जाहीरपणे बोलणं टाळत राहिले. आणि त्याच सुमारास बातम्या आल्या की परिषदेच्या, म्हणजे बिग टेनच्या, कोचांनी आयुक्तांसोबतच्या बैठकीत दार लावून जोरदार तक्रार केली. १० नोव्हेंबरला परिषदेने मिशिगनचे कोच जिम हारबॉ यांना नियमित हंगामाच्या उरलेल्या तीन सामन्यांसाठी निलंबित केलं.

माझ्या रूममेटचं म्हणणं, डे सज्जन आणि वॉल्टर्स चहाडखोर. मला ते इतकं सोपं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एनसीएएचा निकाल आला आणि टेहळणी झाली होती हे सिद्ध झालं. म्हणजे वॉल्टर्स खोटं बोलले नव्हते. शिवाय तक्रार त्यांच्या स्वतःच्या संघाबद्दल होती. ज्याच्या घरात चोरी झाली त्याने 'चोरी झाली' म्हणणं ही चहाडी कशी? श्लोकात अपैशुनाच्या आधी सत्य आहे हे विसरायचं नाही. भगवंतांनी दोन्ही एकाच श्लोकात मागितलंय, यातलं एक निवडा असं म्हटलेलं नाही. वॉल्टर्स यांचं माझ्या मते एवढंच चुकलं, की साक्षीदाराच्या जागेवरून ते न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसले. 'आमच्या सामन्यांत असं झालं, पुरावा आम्ही दिलाय, निकाल देणारे देतील', इथे थांबता आलं असतं.

पण गप्प बसणं म्हणजे अपैशुन का? इथे मी माऊलींकडे गेले, आणि चक्रावले. ज्ञानेश्वरीत हा शब्द उलगडताना माऊली 'तोंड बंद ठेवा' म्हणून सोडून देत नाहीत. ते चिखलात रुतलेली गाय समोर आणतात. ती दुभती की भाकड, हे न बघता जो तिच्यासाठी कासावीस होतो त्याच्याकडे बोट दाखवतात. आपपर न बघणारा वैद्य आणतात, बुडणाऱ्याची जात न विचारणारा माणूस आणतात. वर्मावर घाव घालू नये, हे येतं, पण ते या सगळ्यानंतर. म्हणजे मी ज्याला जिभेचा गुण समजत होते तो मुळात हातांचा निघाला.

मग प्रश्न बदलतो. कोणाच्या बाजूने बोलू, यापेक्षा चिखलात कोण आहे, हा. हे कळायला मिशिगनचं प्रकरण अपुरं आहे. तिथे फार तर गुणफलक रुतला होता. त्यासाठी २०११ चं पेन स्टेट बघावं लागतं.

५ नोव्हेंबर २०११ ला पेन स्टेटचे जुने सहायक कोच जेरी सँडस्की यांना अटक झाली. आरोप लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे, तेही वर्षानुवर्षांचे. ९ तारखेला १९६६ पासून मुख्य कोच असलेले, तिथे जवळजवळ देवासारखे मानले जाणारे जो पटर्नो यांना काढलं, विद्यापीठाच्या अध्यक्षांनाही जावं लागलं. आणि १२ तारखेला त्याच मैदानात नेब्रास्काचा संघ खेळायला आला.

आता नेब्रास्काच्या कोचच्या जागी स्वतःला ठेवा. काय बोलाल? 'ते त्यांचं अंतर्गत प्रकरण आहे'? हे म्हणणं इथे भयंकर आहे, कारण आपला माणूस, आपली संस्था, आपल्याला काय, असं म्हणत ज्यांनी बघायचं टाळलं त्यांच्यामुळेच मुलं रुतत गेली होती. मग तुटून पडाल? समोर अठरा-वीस वर्षांची पोरं उभी आहेत, त्यांनी काही केलेलं नाही.

सामना सुरू व्हायच्या आधी दोन्ही संघ मैदानाच्या मधोमध आले आणि गुडघ्यांवर बसले. नेब्रास्काचे सहायक कोच रॉन ब्राऊन यांनी मोठ्याने प्रार्थना म्हटली. लाखावर माणसांचं ते स्टेडियम शांत होतं. नेब्रास्का १७-१४ असा जिंकला आणि त्यांचे मुख्य कोच बो पेलिनी म्हणाले की हा सामना व्हायलाच नको होता असं त्यांना वाटत होतं, फुटबॉलपेक्षा मोठी गोष्ट घडली आहे. नुकताच जिंकलेला माणूस म्हणतोय की हा सामना नको होता. त्यांची प्रार्थना आपल्या पद्धतीची नव्हती, पण व्हिडिओ बघताना माझे हात आपोआप जोडले गेले.

पुढचा प्रसंग मला जास्त छळतो. २०१२ च्या जुलैत एनसीएएने पेन स्टेटला ६ कोटी डॉलरचा दंड केला, चार वर्षं हंगामानंतरचे सामने बंद केले आणि तिथल्या खेळाडूंना लगेच दुसऱ्या संघात जायची मोकळीक दिली. काही दिवसांत इलिनॉयच्या कोचांची फौज पेन स्टेटच्या गावात हजर. मुख्य कोच टिम बेकमन यांनी ते मान्य केलं, फक्त कॅम्पसवर पाऊल ठेवलं नाही म्हणाले. नियमात सगळं बसत होतं. कोणाबद्दल वाईट शब्दही नाही. पण गाय चिखलात असताना कोणी कासरा सोडून नेतंय का, असं काहीतरी ते दृश्य मला वाटतं.

इथे हे समजून घ्या की कॉलेजचा कोच बारावीतल्या पोरांच्या घरी जातो. आईवडिलांसमोर सोफ्यावर बसून सांगतो, आमच्याकडे पाठवा. ते पोरगं वैरी कॉलेजचाही विचार करत असतं. माइकपुढे 'मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाही' म्हणणाऱ्या माणसाने त्या सोफ्यावर खालच्या आवाजात 'तिथे काय चाललंय ते पेपरात वाचलं असेलच तुम्ही' म्हटलं, की झालं. अपैशुन माइकपुढे सांभाळणं त्या मानाने सोपं आहे, ते जातं ते सोफ्यावर. जे वाक्य त्या घरात बोलवणार नाही ते पत्रकारांपुढेही नको, आणि उलटही.

कोणी कोच मला विचारणार नाही, पण विचारलं तर मी म्हणेन, मुलांना इजा झाली असेल तर पहिलं वाक्य त्यांच्यासाठी असू द्या, आणि त्यात वैऱ्याचं नाव सुद्धा नको. दुसरं वाक्य स्वतःच्या घराबद्दल असू द्या : आमच्या एखाद्या पोराला असं काही सांगायचं असेल तर ते कोणाकडे जाईल, हे मी आज सकाळी तपासलं. आणि हे खरंच तपासलेलं असू द्या. प्रकरण फक्त नियमभंगाचं असेल तर तक्रार लेखी द्या, जिथे द्यायची तिथे, आणि बाहेर येऊन 'शनिवारच्या सामन्याबद्दल विचारा' म्हणा. पण हसत नको. भुवई उंचावून म्हटलेलं 'नो कमेंट' ही मला माहीत असलेली सर्वात धारदार चहाडी आहे.

हे मला इतकं नेमकं कसं माहीत, तर मी ते केलंय.

परत आल्यावर पुण्यात नोकरी लागली. आमच्या टीमला आणि शेजारच्या टीमला एकच मोठं काम हवं होतं. शेजारच्या टीममधला एकजण न केलेल्या टेस्ट्स केल्या म्हणून दाखवायचा. मला ते महिनाभर आधी कळलं होतं. रोज कँटीनमध्ये समोर बसून चहा प्यायचो आम्ही. मी त्याला काही बोलले नाही. मनात म्हटलं, आपण कशाला कोणाच्या भानगडीत पडा. अपैशुन! शब्द सुद्धा तोच वापरला मनात, लाज वाटते लिहायला. मग ते उघडकीला आलं. मीटिंगमध्ये मॅनेजरनी मला विचारलं, तुला काही माहीत होतं का? मी खाली बघितलं, थोडी थांबले आणि म्हटलं, "सर, मला नका ना यात ओढू."

एवढंच. एकही वाईट शब्द नाही. काम आमच्याकडे आलं. त्याने जे केलं ते चूकच होतं, त्याची शिक्षा त्याला झाली, त्यावर माझं म्हणणं नाही. पण पहिल्या आठवड्यात मी त्याला जिन्यात गाठून "अरे, हे थांबव, मी मदत करते, रात्री बसून करू" म्हटलं असतं, तर गुडघाभर चिखलातून तो निघाला असता कदाचित. मी काठावर उभी राहून तो गळ्यापर्यंत जायची वाट बघितली, आणि त्याला मौन म्हटलं.

काल रात्री हा श्लोक पुन्हा आला तेव्हा त्याचा नंबर काढला. दोन वेळा रिंग झाली, त्याने उचलला नाही. 'सहज केला होता' असा मेसेज टाइप केला आणि पुसला, कारण सहज नव्हता केला. 'तुझ्याशी एका गोष्टीबद्दल बोलायचंय, चूक माझी आहे' असं लिहून पाठवलं. अजून निळी खूण आलेली नाही. आज संध्याकाळी हरिपाठानंतर परत फोन करेन.

उद्या याच श्लोकातला पुढचा शब्द घेऊ. दया.

राम कृष्ण हरी.